शेवग्याची वाळकी फांदी आणि आंब्यावरचं बांडगूळ: परसातल्या पक्ष्यांच्या नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

भाचीला शाळेतून प्रकल्प मिळालाय, 'माझ्या परिसरातील पक्षी'. दहा गुण. ओवाळणी आटोपली तशी वही काढून बसली. "आत्या, तुझ्या परसात खूप येतात ना, पटकन नावं सांग." म्हटलं, नावं सांगणार नाही. दर रविवारी सकाळी ये, बसून बघू. तोंड वाकडं केलं, पण 'येते' म्हणाली.

जागा: सातारा, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा उतार. घरामागे जेमतेम दीड गुंठा परस. रायवळ आंबा (वडिलांनी लावलेला), शेवगा, पेरू, कढीपत्ता, दोन जास्वंदी, कोपऱ्यात सिंगापूर चेरी. चेरी कुणी लावलेली नाही, कुठल्यातरी पाखरानं बी टाकलं आणि ती वाढली. शेवग्याची एक फांदी दोन वर्षांपासून वाळलेली आहे, तोडायची राहिलीय. आंब्यावर बांडगूळ, पाच-सहा ठिकाणी.

बँकेत एकतीस वर्षं काढली. तारीख, वेळ आणि आकडा नसला की नोंद झाली असं मला वाटतच नाही. वही दोन रेघी, लाल शाई फक्त पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून पक्षी सप्ताह. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ ला सलीम अलींचा, म्हणून २०२० पासून राज्यात हा आठवडा पाळतात. मुहूर्त बरा लागला.

६.५० ते ७.२०. थंडी, धुकं नाही. लालबुड्या बुलबुल २, साळुंकी ४, दयाळ नर १, शिंपी १ (फक्त आवाज), कावळे ५, वरून घार १, होला २. सगळे ओळखीचे, लाल शाई नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

भाची आली, उशिरा. अर्ध्या तासात तिच्या वहीत 'बुलबुल – १७'. एवढे बुलबुल आख्ख्या आळीत नसतील. विचारलं, कसे मोजलेस? आला की एक रेघ मारायची, परत आला की परत एक. म्हणजे तेच दोघं कढीपत्त्यावरून चेरीवर आणि चेरीवरून कढीपत्त्यावर येरझाऱ्या घालत होते, आणि ही त्यांना दरवेळी नवीन गिऱ्हाईक धरत होती.

मग नियम ठरवला: एका वेळी नजरेत जास्तीत जास्त जितके दिसतील, तेवढाच आकडा लिहायचा. आज बुलबुल ३. तिला ते फारच कमी वाटले. "सतरा छान दिसत होते गं वहीत."

२४ नोव्हेंबर, रविवार

भाचीनं हट्ट करून ऑनलाइन फीडर मागवला. लाकडी, वर लाल छप्पर, चारशे ऐंशी रुपये. बाजरी, राळं आणि तांदळाची कणी भरून पेरूला टांगला. पहिले दोन दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एक पारवा आला. चौथ्या दिवशी अकरा.

८ डिसेंबर, रविवार

फीडर काढला. कारणं वहीत लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी परत घ्यावासा वाटेल:

पारवे आता पंचवीसच्या घरात. समोरच्या स्लॅबवर सकाळपासून रांग लावून बसतात. त्यांच्या विष्ठेनं धुण्याचा दगड पांढरा झाला. खाली सांडलेल्या दाण्यांवर रात्री घूस येते, तुळशीपाशी बीळ पाडलंय. आणि ज्यांच्यासाठी हा थाट, ते बुलबुल, शिंपी, दयाळ दाण्याकडे बघतही नाहीत. का बघतील? शिंपी नि दयाळ किड्यांवर जगतात, बुलबुलाला फळं लागतात. दाणे खाणाऱ्या चिमण्या आमच्याकडे उरल्याच नाहीत.

त्याऐवजी कुंभाराकडून मातीचं परळ आणलं, साठ रुपयांचं. दोन बोटं पाणी, मध्ये एक खडबडीत दगड, उभं राहायला. खोल पाण्यात लहान पक्षी उतरत नाहीत. रोज सकाळी घासून पाणी बदलायचं, नाहीतर डासांची पैदास आपणच करतो.

ठेवल्यापासून दीड तासात बुलबुल. मग साळुंक्या, पण त्या पाणी पितात कमी आणि उधळतात जास्त.

२२ डिसेंबर, रविवार

लाल शाई! थिरथिरा. दुपारी चार वाजता कुंपणाच्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवत होता. नाव ज्यानं ठेवलं त्यानं फार विचार केला नसणार, बघितलं तसं ठेवलं. काळा, पोट विटकरी. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून इथे हिवाळा काढायला येतो. वजन पंधरा-सोळा ग्रॅम असेल. दोन रुपयांची तीन-चार नाणी हातावर घ्यावीत, तेवढं.

तो भिंतीवरून उतरतो ते आंब्याखालच्या पाल्यात. उडी मारली, काहीतरी टिपलं, परत भिंत. दुर्बिणीतून पाहिलं तर पाल्याखाली मुंग्या, नाकतोडे, कसल्याकसल्या अळ्या. दुसऱ्या बाजूनं सातभाई सात नव्हे, नऊ होते. एकेक पान चोचीनं उलटून बाजूला टाकत होते, भाजीवाल्याकडच्या मेथीत बायका हात घालतात तसे. आणि अखंड कलकलाट.

मावशी रोज सकाळी परस झाडून पाला जाळायच्या. आज सांगितलं, आंब्याखालचं झाडू नका. "ताई, एवढा कचरा पडलेला बघून लोकं काय म्हणतील?" म्हटलं, नावं ठेवू देत. पटलेलं नाही त्यांना. पुढचं अंगण दुप्पट जोरात झाडून गेल्या.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार (संक्रांत)

भाचीचा प्रकल्प जमा झाला. चोवीस पक्षी. दहापैकी सात. शेरा: 'चित्रे कमी आहेत.' तारखा, वेळा, हवामान, एका वेळचे आकडे सगळं होतं, पण चित्रे कमी. असो. तिनं तिळगूळ दिला आणि 'आता रविवारी नाही आलं तर चालेल ना' असं विचारलं. चालेल म्हटलं.

वही माझ्याकडेच राहिली. अर्ध्याहून जास्त पानं कोरी आहेत. कोरी पानं टाकून द्यायची सवय नाही.

आंब्यावरचं बांडगूळ फुललंय, नारिंगी नळ्यांचे झुबके. त्यात काहीतरी फारच लहान हलतंय. 'चिक् चिक् चिक्' असा कडक आवाज, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा. दिसलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

त्या आवाजामागे बारा दिवस गेले. आधी सूर्यपक्ष्याची मादी समजून तशी नोंद केली होती. ती खोडली, खाडाखोड केल्याबद्दल बाजूला सहीसुद्धा केली (सवय).

आज गच्चीत चढून बसले. गच्चीवरून बांडगुळाचा एक झुबका दहा-बारा फुटांवर येतो. सव्वासातला आला. सूर्यपक्ष्याहून लहान, तीन इंचांचा म्हणा. वरून मातकट, खालून मळकट पांढरा, शेपूट तोकडी. अंगावर पट्टे नाहीत, ठिपके नाहीत, कुठलाच दागिना नाही. चोच तेवढी किंचित वाकडी आणि फिकट गुलाबट. हीच खूण. फुलटोच्या! त्याचा जाड चोचीचा एक भाऊबंद असतो, पण त्याच्या छातीवर पुसट रेघा असतात आणि तो शेपूट इकडून तिकडे हलवत बसतो. हा तो नव्हे.

त्यानं काय केलं ते लिहून ठेवते. फुगलेली कळी चोचीत धरून चिमटली. कळी टचकन उकलली, पाकळ्या मागे वळल्या. यानं आत चोच घातली, मध घेतला, पुढची कळी. तोंडाला पिवळी भुकटी लागलेली. पाच मिनिटांत चौदा कळ्या मोजल्या. त्याच झुबक्यावर जांभळा सूर्यपक्षी आला, तेव्हा दोघांची जुंपली. फुलटोच्या त्याच्याहून लहान, पण हटला नाही.

म्हणजे बांडगूळ जगवतो तोच आणि बांडगुळावर जगतो तोही तोच.

२ फेब्रुवारी, रविवार

शेजारचे अण्णा कुंपणापाशी आले. "ताई, बांडगूळ काढून टाका. झाड खाल्लं त्यानं. तुमच्या झाडावरून आमच्या झाडावर येतंय." त्यांची पन्नास वर्षं शेतीत गेलीत, बोलतात ते खोटं नाही. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतः तयार करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे चोरतं. जास्त झालं की त्याच्या पुढची फांदी वाळत जाते. आमच्या आंब्याच्या दोन फांद्या तशा गेल्याच आहेत. आणि मराठीत बांडगूळ ही शिवीच आहे. तिची बाजू घेऊन कुंपणावर उभं राहायचं म्हणजे पंचाईत.

मी फुलटोच्याची गोष्ट सांगितली. अण्णांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "बरं, पण आंबा कोण खाणार, तो की तुम्ही?"

उत्तर सुचलं नाही. पाऊस लागायच्या आत बघू म्हटलं.

१४ ते १७ फेब्रुवारी

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली गणना, भारतात २०१३ पासून. चार दिवस, कमीत कमी पंधरा मिनिटं बसायचं, दिसेल ते मोजायचं, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) यादी टाकायची. आपला नियम तिथेही लागू: रेघा मारायच्या नाहीत. भाचीला फोन करून सांगितलं, 'बघ, जग पण तसंच मोजतं.' "ओके आत्या," एवढंच.

१४ ला १३ जाती, १५ ला १६, १६ ला (रविवार, मागच्या लग्नघरचे फटाके) ७, १७ ला १५. चार दिवसांत मिळून २१. नवीन: नाचण, शिक्रा. शिक्रा आंब्यात शिरला आणि आख्खं परस गप्प झालं, फक्त खारी ओरडत होत्या. वीस मिनिटं पाखराचा आवाज नाही. ती यादी सगळ्यांत छोटी, पण बघायला सगळ्यांत भारी.

२ मार्च, रविवार

आठवडाभर कुठेतरी पाण्याची मोटर बिघडल्यासारखं 'टुक्, टुक्, टुक्' चाललं होतं. प्लंबरला फोन लावणार होते. मोटर नव्हे, तांबट.

शेवग्याच्या वाळक्या फांदीवर! हिरवा, कपाळ लालभडक, गळा पिवळा, चोचीभोवती मिशा. आवाज चोच मिटून, गळा फुगवून काढतो. दरवेळी डोकं वळवतो, म्हणून आवाज कधी जवळून आणि कधी लांबून आल्यासारखा वाटतो. सकाळी नऊ ते साडेनऊ जोडी आळीपाळीनं फांदी कोरत होती. भोक फांदीच्या खालच्या अंगाला, लिंबाएवढं. वरून कोरलं असतं तर पाणी आत गेलं असतं. भुसा खाली अळूच्या पानांवर पडत होता, बारीक, रव्यासारखा. हाताला घेऊन पाहिला, कोरडा ठणठणीत. शेवग्याचं लाकूड आधीच ठिसूळ, त्यात वाळलेलं. या चोचीला यापेक्षा कठीण झेपणारही नाही.

दोन वर्षं 'तोडायची राहिली, तोडायची राहिली' म्हणत होते ती फांदी हीच.

२० मार्च, गुरुवार

चिमणी दिवस. नाशिकच्या मोहम्मद दिलावरांनी सुरू केला, २०१० पासून जगभर पाळतात. आमच्या परसात चिमण्या शून्य. जुनं घर कौलारू होतं तेव्हा वाशांच्या फटीत, फोटोच्या मागे, मीटरच्या पेटीत घरटी असायची. आई रागानं काड्या काढून टाकायची, त्या परत आणायच्या. स्लॅब टाकल्यावर फटी गेल्या. दोष चिमण्यांचा नाही. स्लॅब मीच टाकला, कर्ज काढून.

थिरथिरा शेवटचा १६ ला दिसला. त्यानंतर चार दिवस भिंत रिकामी.

१३ एप्रिल, रविवार

हे सविस्तर लिहिते, परत दिसेल न दिसेल.

बांडगुळाला फळं धरलीत, गुलाबटसर, लांबुळकी. फुलटोच्यानं एक गिळलं, दुसरं गिळलं, मग उडून पेरूवर आला. पेरू माझ्या खिडकीपासून सहा फूट. फांदीवर आडवा बसला, म्हणजे फांदीच्या दिशेनं लांब. काही क्षण तसाच. मग शेपूट वर, बूड फांदीला टेकवलं आणि एक पाऊल सरकला, लहान पोरं बूड घासत सरकतात तसा. उडून गेला. फांदीवर चिकट, पारदर्शक लाळेचा धागा आणि त्याच्या टोकाला बी. गर पोटात काही मिनिटांत विरतो, बी तसंच बाहेर पडतं, पण गोंद लागलेलं. त्यामुळे ते आपणहून खाली पडत नाही. पुसूनच काढावं लागतं, आणि जिथे पुसलं तिथेच रुजायला सोय होते.

बोट लावून पाहिलं. सुटेना. बोटालाच तार लागली, फेविकॉलसारखी. साबणानं दोनदा हात धुतले.

फांदीला लाल दोरा बांधून ठेवला, जागा चुकू नये म्हणून.

२७ एप्रिल, रविवार

वाईट दिवस. पोर्चमधल्या मनीप्लॅन्टमध्ये बुलबुलाचं घरटं होतं, वाटीएवढं, त्यात प्लॅस्टिकची एक दोरी विणलेली. तीन अंडी, मग तीन पिल्लं. आठ दिवस मी पुढचं दार उघडत नव्हते, दूधवाल्यालाही मागून यायला सांगितलं होतं. दोघंही दिवसभर किडे आणत होते. एरवी फळं खाणारे, पण पिल्लांना वाढीसाठी किडेच लागतात.

सकाळी सातला दंगा. बाहेर आले तर भारद्वाज. सगळ्या घरात त्याचं दर्शन शुभ. आजी तर भारद्वाज दिसला की हातातलं काम टाकून हात जोडायची. त्यानं वाकून घरट्यातलं शेवटचं पिल्लू उचललं, लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जड अंगानं उड्या मारत कुंपणाच्या झुडपात गेला. बुलबुल मागे ओरडत.

त्यालाही पिल्लं असतील. हे मला कळतं. तरी आज हात जोडले नाहीत.

भाचीला सांगितलं नव्हतं, तिला कुठून कळलं कोण जाणे. संध्याकाळी स्वतःहून आली, रिकामं घरटं बघून गेली. म्हणाली, "याचं चित्र काढू का?" काढलं. वहीला चिकटवलंय. चित्रांची तक्रार एवढी तरी कमी झाली.

११ मे, रविवार

पहाटे पाच. पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा', चढत्या सुरात, परत परत, झोप उडेपर्यंत. ज्यांना पेरायचंय त्यांच्यासाठी ठीक आहे.

सातभाई आज फार अस्वस्थ. पावशा आपली अंडी त्यांच्या घरट्यात घालतो, म्हणून असेल, किंवा मांजर असेल. नक्की सांगता येत नाही, प्रश्नचिन्ह करून ठेवते.

बांडगुळाचं ठरलं. अण्णांशी बसून, चहावर. सहापैकी चार काढायची, गच्चीकडची दोन ठेवायची. त्या दोनची बी त्यांच्या झाडावर गेली तर काढायचा खर्च माझा. माणूस आणला, सातशे रुपये. अण्णांनी खाली उभं राहून सांगितलं, नुसतं बांडगूळ ओढू नको, त्याची मुळी लाकडात शिरलेली असते, परत फुटतं. बांडगूळ जिथे चिकटलंय त्याच्या हातभर मागून, बुंध्याकडून, फांदीच कापायची. तसं केलं. चार फांद्या खाली आल्या. आंबा न्हाव्याकडून अर्धवट उठून आल्यासारखा दिसतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फुलटोच्या गच्चीकडच्या झुबक्यावर. नोंद: १.

२६ मे, सोमवार

पाऊस मे महिन्यातच लागला. आज मान्सून मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं, पण आमच्याकडे आठवडाभर धो-धोच आहे. पक्ष्यांच्या नोंदी नाहीतच जवळजवळ. २३ च्या रात्री वाऱ्यानं शेवग्याची वाळकी फांदी मोडली.

सकाळी छत्री धरून गेले, छातीत धडधड घेऊन. पोकळी बरोबर मधून फुटली होती. आत रिकामं. हातभर नसेल, वीतभर खोल, भिंती पॉलिश केल्यासारख्या गुळगुळीत, तळाला भुसा, विष्ठा आणि उंबराच्या बारीक बिया. पिल्लांना भरवताना मी शेवटचं १० तारखेला पाहिलं होतं. त्यानंतर घरट्याकडे कुणी आलं-गेलं नव्हतं. उडून गेली असणार. असणार, असंच लिहिते.

फुटलेला तुकडा वाळवून माळ्यावर ठेवलाय. मावशींनी विचारलं, "हे पण ठेवायचं?"

८ जून, रविवार

उघडीप. ६.३० ते ७.१०. बुलबुल २ (नवं घरटं कढीपत्त्यात, बघायला जाणार नाही), दयाळ २, शिंपी १, फुलटोच्या १, सातभाई ८, तांबट फक्त आवाज, पूर्वेकडून. चेरीखाली पाला ओला, त्यात भारद्वाज गोगलगायी वेचत होता. परळात पावसाचंच पाणी, तरी बदललं.

पेरूचा लाल दोरा पाहिला. बी जागेवर आहे. त्यातून हिरवा कोंब निघून वळलाय आणि त्याच्या टोकाची चकती फांदीला घट्ट बसलीय. दुसऱ्या टोकाला दोन पानं, अजून मिटलेली. खिडकीपासून सहा फूट, अण्णांच्या कुंपणापासून चार.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही.